चौथऱ्याची वही

शिवनेरीच्या माथ्यावर एक चौथरा आहे. गडावर येणारे बहुतेक लोक जन्मस्थानाची इमारत बघतात, टाक्यांचं पाणी बघतात, कडेलोटापाशी जाऊन खाली डोकावतात आणि उतरायला लागतात. चौथऱ्याकडे फारसं कुणी वळत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी बंड केलेल्या महादेव कोळ्यांना बादशाही फौजेनं धरून आणलं आणि तिथं त्यांची मुंडकी उडवली, असं सांगतात. किती जणांची, ते जो तो आपापलं सांगतो.

मी जुन्नरच्या एका शाळेत मराठी शिकवायचो. गाव डिंगोरे, पण नोकरी लागल्यापासून जुन्नरातच खोली घेऊन राहिलेला. माझा मित्र त्याच शाळेत इतिहास शिकवायचा. तो घाटघरचा, नाणेघाटाच्या तोंडाशी असलेल्या गावातला, महादेव कोळ्यांच्या घरातला. आम्ही मुलांना घेऊन दरवर्षी गडावर जायचो. चौथऱ्यापाशी आला की तो चपला काढायचा, खिशातले चार तांदूळ दगडावर ठेवायचा आणि पुन्हा चपला घालून मुलांवर ओरडायला लागायचा. मुलांना तो त्याविषयी काही सांगत नसे. पुस्तकात ते नव्हतं.

माझं काम वेगळं होतं. शाळेत, गावात, ओळखीच्या घरांत कुणी वारलं की शोकसभेचं भाषण मी लिहायचो. जाहीर निवेदनं, मृत्युलेख, वर्षश्राद्धाच्या पत्रिकेवरचा मजकूर, सगळं माझ्याकडे यायचं. त्याचा मला थोडा अभिमानही होता. मी कादंबऱ्यांवर वाढलेला माणूस. कादंबरीत मृत्यू आला की मी ते प्रकरण दोनदा वाचायचो. वर्गात एखाद्या धड्यात नायक मरत असला की असा वाचायचो की मागच्या बाकावरच्या मुली ओढणीनं डोळे पुसायच्या. त्या दिवशी मला शिकवल्यासारखं वाटायचं.

तो या सगळ्याची थट्टा करायचा. मला मास्तर म्हणायचा, स्वतः मास्तर असून.

"मास्तर, तुमच्या पुस्तकात माणसं मरताना बोलतात फार," तो एकदा स्टाफरूममध्ये म्हणाला. "पानंच्या पानं. आमच्यात मरणारा पाणी मागतो."

"सगळेच काय पाणी मागत नाहीत."

"तुमी किती बघितलीत?"

मी तेव्हा एकही बघितलं नव्हतं. तो हसला आणि म्हणाला, "बरं, माझ्या येळंला तेवढी पोकळी निर्माण करू नका राव. आमच्या घरात आधीच जागा कमी."

हे सगळं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. त्या काळात एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर खुनाच्या खटल्यांची पुस्तकं मिळायची. पुण्यात सत्तरच्या दशकात कॉलेजच्या पोरांनी केलेल्या त्या खुनांवरची तर फार खपायची. मी वाचायचो, तोही वाचायचा. एकदा पुस्तक मिटून त्यानं मला विचारलं, की मारणाऱ्या पोरांची नावं सांगा. मी पटापट सांगितली. मग म्हणाला, मेलेल्यांची सांगा. मला दोनच आठवली. पेशव्यांच्या वाड्यातला खूनही त्याच्या बोलण्यात वारंवार यायचा. तो कोवळा पेशवा मारेकऱ्यांपुढं धावत काकाला हाका मारत होता, हे शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं.

"त्या एकट्याची हाक दोनशे वर्सं ऐकू येतीय," तो म्हणाला, "आणि आमच्या एवढ्यांतल्या एकाची पण न्हाई. असं कसं व्हईल? वरडले तर असतीलच."

त्यानंतर त्यानं तीन उन्हाळे त्यात घातले. घाटघर, चावंडच्या पलीकडच्या वाड्या, तिकडे आंबेगाव तालुक्यातली डोंगरकडेची गावं, सगळीकडे चालत फिरला. म्हाताऱ्या बायकांपाशी बसायचा, त्या सांगतील ते लिहून घ्यायचा. कुणाच्या वाडीतली माणसं नेली, कुणाला रस्त्यात सोडलं, घरी राहिलेल्यांनी काय केलं. खरंखोटं किती, हे कुणालाच सांगता आलं नसतं. तीन वह्या भरल्या आणि त्या त्यानं माझ्यापुढं ठेवल्या.

"मला मराठी येत न्हाई. मी इतिहासवाला. तुमी लिहा. गडाखाली विकायला ठेवू, पाच-पन्नास प्रती."

मी एका सुट्टीत लिहून काढलं. चाळीस पानं झाली. वह्यांमध्ये नसलेला एक म्हातारा नाईक मी त्यात घातला. मरणापूर्वी तो उभा राहून बोलतो, खाली मावळत्या उन्हात सगळं खोरं दिसतं, त्याची बायको गर्दीतून त्याच्याकडे बघते आणि रडत नाही. शाळेच्या ग्रंथालयात दुपारी बसून मी त्याला ते सगळं वाचून दाखवलं. शेवटचं पान तर मी दोनदा वाचलं.

तो बराच वेळ टेबलावरची धूळ बोटानं गोळा करत बसला.

"छान झालंय," तो म्हणाला. "पण मास्तर, तुमी त्यांना एवढं देखणं मारलंत, की मारणाऱ्याचा राग येईना."

मला ते लागलं. चाळीस पानांत एक शब्द इकडचा तिकडे होऊ नये इतकं मन लावून मी लिहिलं होतं. मी म्हणालो, बघतो. घरी येऊन ती पानं आणि त्याच्या तिन्ही वह्या पेटीत ठेवल्या. त्यानंतर काही वर्षं त्या पेटीतच राहिल्या. आमचं बोलणं बंद झालं नाही. चहा रोजचा, गडाची सहल दरवर्षीची. वर्षातून एकदा, गड उतरताना, तो सहज विचारल्यासारखं विचारायचा, "काय, झालं का?" मी म्हणायचो, "बघतोय." इतका साधा माणूस मला दुसरा भेटला नाही, आणि मी त्याच्यावर रुसून बसलो होतो.

नवं शतक लागलं त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्याची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा पुण्याला जाऊन डायलिसिस. पहाटेची एसटी, संध्याकाळी परत. पाय सुजायचे, तोंड सुकायचं. दिवसाला किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलेलं होतं. स्टाफरूममध्ये तो स्टीलचा छोटा पेला घेऊन बसायचा आणि घोट तोंडात धरून ठेवायचा. मी समोर बसून पाणी प्यायचं सोडून दिलं.

एक दिवस तो म्हणाला, "आता घ्या लिहायला. छापू नका हवं तर. मला ऐकायचंय तेवढं."

मी पेटी उघडली. पण लिहायला बसलो की तोच नाईक उभा राहायचा आणि बोलायला लागायचा. तीस वर्षं वाचलेली मरणं माझ्या हाताला चिकटलेली होती. एक वाक्य साधं लिहायचं म्हटलं तरी त्याच्या मागून उपमा यायची. दोन महिने असे गेले. तो शाळेत यायचा बंद झाला, घाटघरलाच राहू लागला, पुण्याच्या फेऱ्या तिथूनच. मी दोनदा भेटून आलो. दोन्ही वेळा त्यानं विचारलं आणि मी म्हणालो, होत आलंय.

शेवटी मी माझं सगळं बाजूला ठेवलं आणि त्याच्या वह्यांमधून म्हाताऱ्यांची वाक्यं जशीच्या तशी उतरवायला घेतली. अमक्या वाडीतून तिघं नेले. त्यातल्या एकाची कालवड विकायची राहिली होती. तमकीनं नवऱ्याच्या वाटणीचं जेवण दोन दिवस झाकून ठेवलं. नाईक गेला, मावळतं ऊन गेलं. एका नव्या वहीत अकरा पानं झाली. एका शनिवारी संध्याकाळी मी शेवटचं पान लिहिलं आणि सोमवारी रजा टाकून घाटघरला जायचं ठरवलं.

सोमवारी सकाळी रजेचा अर्ज द्यायला शाळेत गेलो तर ऑफिसात माझ्यासाठी निरोप होता. घाटघरवरून फोन आला होता. लई सिरियस हाय, त्याची आई बोलवतीय, निघा.

आमच्याकडे फोनवर कुणी मेलं असं सांगत नाहीत. ज्याला यायचंय त्याचा जीव वाटेत घाबरा होऊ नये म्हणून फक्त सिरियस आहे म्हणतात, आणि ऐकणारा कळून घेतो. मी स्वतः असे निरोप कितीतरी वेळा दिले होते. तरी त्या दिवशी मी तो शब्दाला शब्द खरा धरला. वही पिशवीत होती, लिहून पूर्ण झालेली. तो सिरियस होता आणि मला त्याला वाचून दाखवायचं होतं, एवढंच मला कळत होतं.

बाजारातून मी सफरचंदं घेतली. त्याला बाकीची फळं चालत नव्हती. स्टँडवर आमच्या शाळेचा शिपाई भेटला.

"सर, फळं कशाला?" तो म्हणाला.

"त्याला सफरचंद चालतं. डॉक्टरांनी सांगितलंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग माझी पिशवी हातात घेऊन गाडीपर्यंत आला आणि मला खिडकीची जागा धरून दिली. निघताना म्हणाला, "तुमी पुढं व्हा. हेडसर आन सगळा स्टाफ मागनं जीप करून येतोय." आजारी माणसाला भेटायला सगळा स्टाफ शाळा सोडून जीप करून येत नाही. हेही मी ऐकलं आणि पिशवी मांडीवर घेऊन बसलो.

भातकापणीचे दिवस होते. आपटाळे गेलं, चावंड गेला. खाचरांत बायका वाकलेल्या होत्या. घाटघरच्या खाचरांत मात्र कुणी नव्हतं. विळे बांधावर पडलेले. तरी मी चालत घरापर्यंत गेलो. भिंतीला टेकून पुरुष बसले होते आणि अंगणात दोन जण हिरवे बांबू आडवे घालून बांधत होते. त्यातल्या एकानं मला बघितलं आणि हातातली दोरी खाली ठेवली.

"या पावणं," तो म्हणाला.

ओटीवर त्याला ठेवलं होतं. पायांची सूज उतरलेली वाटत होती. आई त्याच्या उशाशी बसली होती. ती रडत नव्हती, रडून झालेलं होतं. तिनं मला जवळ बसवून घेतलं.

"आलास का बाबा. शनवारी इचारत व्हता. मास्तरांचं झालं का म्हून."

शनिवारी.

धाकटा भाऊ कल्याणकडे कामाला होता. तो यायचा होता. तिकडून घाटाखालच्या वैशाखऱ्यापर्यंत गाडीनं आणि पुढं नाणेघाट चढून पायी. "वर यायला दोन तास तरी," कुणी तरी म्हणालं. त्याच्याशिवाय उचलायचं नव्हतं. सगळे थांबले होते. आईनं माझ्या पिशवीकडे बघितलं.

"काय हाय त्यात?"

"सफरचंदं," मी म्हणालो. मग म्हणालो, "आणि त्याची वही."

"झाली?"

"झाली."

"मग वाच की. तेच्यापाशी बसून वाच. अजून हाय तवर."

मी पुरुषांकडे बघितलं. कुणी हरकत घेतली नाही. एकानं बिडी विझवली. मी त्याच्या डाव्या हाताशी बसलो आणि वाचायला लागलो. पहिलं पान मी वर्गात वाचतो तसं वाचलं असावं, कारण आई म्हणाली, "हळू वाच. कोण पळतंय?" मग मी हळू वाचलं. बांबू बांधणाऱ्यांनी हात आवरते घेतले. मी वाचत होतो आणि ओटीखालच्या बायका मधूनच "व्हय" म्हणत होत्या, एखाद्या वाडीचं नाव आलं की दुसरीला कोपरानं ढोसत होत्या.

चौथ्या पानावर, माणसं नेली त्या दिवशी एका घरात नाचणीच्या भाकरी केल्या होत्या, असं मी वाचलं. एक अगदी म्हातारी बाई मध्येच बोलली.

"नाचणी कुठली? आकाडात नेलं त्यांना. आकाडात घरात नाचणी ऱ्हाती व्हय? कंद उकडले व्हते."

"त्यानं नाचणी लिहिलंय, आजी," मी म्हणालो.

"मीच सांगितलं व्हतं त्याला. कंदच सांगितलं." तिनं ओटीवर निजलेल्या त्याच्याकडे हात केला. "ह्यो पहिल्यापासनं असाच. अर्धं ऐकायचा आन उठून पळायचा."

दोघीतिघी हसल्या आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. आईसुद्धा हसली. मी खिशातलं पेन काढलं. 'नाचणीच्या भाकरी' खोडलं आणि वर 'कंद उकडले' लिहिलं. म्हातारीनं मान वाकवून वहीत बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण शब्द खोडलेला तिला दिसला आणि ती म्हणाली, "हां. आता फुडं."

मी पुढं वाचू लागलो. पाचवं पान झालं. सहाव्यावर तमकी नवऱ्याचं जेवण झाकून ठेवते, ते मी वाचत असताना घाटाच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं. बायका उठल्या. वळणावर धाकटा भाऊ दिसला. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, हातात चपला. ओटीपाशी येऊन तो कोसळला आणि घरात जो आक्रोश उठला त्यात मी वही मिटली. मग पुरुष उठले, आणि त्यांच्याबरोबर मीही उठलो.

पुढं काही वर्षांनी ती वही छापून घ्या असं एक-दोघांनी सुचवलं. मी बघतो म्हणालो. सहाव्या पानाच्या मध्यापासून पुढचं मी अजून कुणाला वाचून दाखवलेलं नाही.