काकांनी सांगितलेलं मशीन

अंबडच्या आमच्या कारखान्यात ते मशीनदुरुस्तीला होते. सगळे त्यांना काका म्हणत, मीही. काहीही विचारलं की आधी चष्मा काढून शर्टाला पुसत आणि मग म्हणत, "कोणत्या मशीनचं?"

पत्रा दाबणारं प्रेस मशीन चालवायचा कोड एआयकडून लिहून घेता येईल का, हे मला साहेबांना दाखवायचं होतं. नुसता प्रश्न विचारून आलेला कोड काकांनी वाचला आणि ते हसले. "ह्यानं हात आत असतानाच प्रेस खाली येईल, म्याडम. त्या बिचाऱ्याला काय माहीत, आपलं मशीन कसं हाय ते?"

मग तीन दुपारी माझ्या शेजारी बसून त्यांनी सगळं सांगितलं. कोणता सेन्सर उशिरा सिग्नल देतो, कोणती मोटर तापली की अडते. मी टाइप करत गेले. ती माहिती जोडून तोच प्रश्न विचारला, तर कोड जवळजवळ बिनचूक आला. काकांनी टाळीच वाजवली.

साहेबांनी दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून पाहिली. म्हणाले, "म्हणजे आता काकांची गरज नाही." मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी फक्त लॅपटॉप मिटला.

महिनाअखेरीला काका निरोप घ्यायला आले. मला वाटलं, रागावतील.

"म्याडम, एक राहिलं. पावसाळ्यात प्रेसच्या दाराचा सेन्सर चुकीचं दाखवतो. तेवढं लिहून घ्या, नाय तर कुणाचा तरी हात जाईल."

मी लिहून घेतलं. माफी मागितली नाही.