रेहानासाठी दुसऱ्यांच्या आवाजातली गाणी

डॉक्टर मॅडमनी रेहानाच्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय उडला नाही. दुसऱ्या पायावर मारली, तोही गप्प. मग कोपर, मग मनगट.

"मॅडम, हातोडी बिघडलीय का?" रेहानाने विचारलं.

मॅडम हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "हातोडी चांगली आहे. मला हा जीबीएस वाटतोय. गुलियन बॅरे सिंड्रोम."

आम्ही दोघींनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. मॅडमनी नीट समजावलं. पोटाचं किंवा घशाचं इन्फेक्शन होऊन गेलं की कधीकधी शरीराची प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर तुटून पडते. वायरीवरचं प्लॅस्टिक सोलावं तसं नसांवरचं आवरण सोललं जातं. मग मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नाही. सुरुवात पायांपासून होते आणि अशक्तपणा वर चढत जातो.

"वर म्हणजे कुठपर्यंत?" मी विचारलं.

"छातीपर्यंतही जाऊ शकतो. म्हणून आत्ताच ॲडमिट करा. बहुतेक पेशंट बरे होतात, पण बरं व्हायला वेळ लागतो."

मी विद्या. पनवेलच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. रेहाना माझी शाळेपासूनची मैत्रीण, बाजारात तिचं ब्लाउज शिवण्याचं दुकान आहे. तिचा नवरा इकबाल कतारला असतो. मुलगी सना कॉलेजात शिकते. इकबालला सुट्टी मिळून तो येईपर्यंत हॉस्पिटलात सना आणि मीच होतो. आमच्यासारखंच कुणी उद्या आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर बसेल, म्हणून हे लिहिते आहे.

आधी तिला जुलाब झाले होते, ते थांबलेही. मग पायांना मुंग्या यायला लागल्या. तिने शिलाई मशीनच्या पायडलला दोष दिला. चालताना पायातली चप्पल निसटायला लागली, तर चप्पल बदलली. शेवटी दुकानाच्या पायरीवर पाय उचलेना, तेव्हा कुठे दवाखान्यात आली. मुंग्या येऊन ताकद जात असेल आणि ते वर सरकत असेल, तर घरी तेल चोळत बसू नका. सरळ डॉक्टरकडे जा.

पहिल्या दिवशी नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. त्यात विजेचे बारीक झटके देऊन नसा संदेश किती वेगाने नेतात ते बघतात. मग लंबर पंक्चर, म्हणजे पाठीच्या मणक्यांमधून सुईने थोडं पाणी काढून तपासायचं. निदान पक्कं झालं आणि आयव्हीआयजी सुरू झालं. निरोगी लोकांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीज सलाइनसारख्या हळूहळू देतात, त्याला हे नाव.

रोज सकाळी मॅडम तिला एका श्वासात आकडे म्हणायला लावायच्या. श्वासाचे स्नायू किती थकलेत ते त्यावरून कळतं. गणपतीच्या ऑर्केस्ट्रात एका दमात लांब तान घेणारी ही बाई दहाच्या आसपास अडकायला लागली. तिसऱ्या दिवशी त्याच्याही अलीकडे थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "विदे, मला भीती वाटते गं."

दुपारी तिला आयसीयूत नेऊन व्हेंटिलेटरवर ठेवलं. घशात नळी, त्यामुळे बोलणं बंद. चेहरासुद्धा हलेना. फक्त पापण्या तेवढ्या मिटता येत होत्या. एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही, असं सनाने ठरवून टाकलं.

"त्या आत पूर्ण जाग्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "सगळं ऐकतात, सगळं समजतं. त्यांच्याशी बोला. नसांचं आम्ही बघतो, एकटेपणाचं तुम्ही बघा."

मला दोन वाक्यांपलीकडे बोलायला सुचेना. आज ऊन किती, पाऊस किती, एवढंच! तेव्हा गाणी आठवली.

आम्हा दोघींना कव्हर साँगचं वेड आहे. म्हणजे एकाने गाजवलेलं गाणं दुसऱ्या कुणी आपल्या पद्धतीने गायचं, ते. रेहानाला मूळ गाण्यापेक्षा हीच जास्त आवडतात. ती ऐकते आणि खुशाल मार्क देते. मी ठरवलं, तिच्या आवडीच्या गाण्यांची अशी कव्हर्स एका जुन्या फोनमध्ये भरून द्यायची. आयसीयूच्या सिस्टर म्हणाल्या, फोन पुसून आणा, भेटायच्या वेळात लावा, आवाज बारीक ठेवा.

पहिल्या खेपेला मी शांत गाणी निवडली. बासरी, संथ पियानो, कुजबुजल्यासारखे आवाज. आजारी माणसाला असंच काहीतरी द्यावं, असं मला वाटलं होतं. तिसरं गाणं चालू असताना रेहानाच्या डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळलं आणि मॉनिटरवर नाडी वाढली.

"अम्मी, बंद करू?" सनाने विचारलं.

एकदा मिटलेली पापणी तिने किती तरी वेळ उघडलीच नाही.

बाहेर बाकड्यावर बसून मी रडले. सनाने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "मावशी, अम्मीला हसायला आवडतं. तिला हसव ना."

मग मी कामाला लागले. आता नेटवरची गाणी नकोच होती. रेहानाच्या ओळखीची माणसं हवी होती.

सुरुवात मच्छी मार्केटातून केली. हिराबाई कोळंबी विकते, रेहानाची जुनी गिऱ्हाईक. "आमी काय गाणारे हाव का?" असं म्हणत तिने टोपली सरकवली, पदर खोचला आणि भर बाजारात असं गायली की शेजारच्या दोघी कोयते थांबवून कोरसला आल्या. दुसऱ्या कडव्याचे शब्द विसरली, तिथे तिने पापलेटचा भाव घातला. शेवटी फोनला तोंड लावून ओरडली, "रेहानाबाय, लवकर उठ! माजा लग्नाचा ब्लाउज तुज्याकडं हाय, पोरीच्या लग्नात काय गाऊन घालून जाऊ?"

कोन गावच्या, लग्नात वाजवणाऱ्या एका बेंजो पार्टीने प्रेमाचं हळवं गाणं हळदीच्या ठेक्यावर वाजवून दिलं. आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी आधी नाही म्हटलं, मग केबिनचं दार लावून घेतलं आणि डोळे मिटून गायले. त्यांचा आवाज इतका गोड असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. इकबालने कतारहून पाठवलेल्या गाण्यात मागे खोलीतले तिघे मित्र टाळ्या वाजवत होते, आणि त्याचा स्वत:चा आवाज मधेच भरून येऊन थांबला होता. मी तो थांबलेला भाग कापला नाही.

शेवटचं गाणं माझं. मी आयुष्यात सुरात गायलेली नाही. शाळेत प्रार्थनेलाही बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. तरी गायले.

दुसऱ्या दिवशी मी रेहानाच्या कानाशी फोन धरला. हिराबाई सुरू झाली. पापलेटचा भाव आला तशी रेहानाची पापणी फडफडली. सनाने विचारलं, "अम्मी, पुन्हा लावू?" एकदा. ठाम.

माझं गाणं आलं तेव्हा रेहानाचा चेहरा तसाच होता, दगडासारखा. पण डोळे माझ्यावर रोखलेले. ती आतल्या आत हसते आहे हे मला कळत होतं. कोणालाही कळलं असतं.

गाण्यांनी ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. मॅडमनीही तसं म्हणू दिलं नसतं. औषधाने काम केलं, सिस्टरनी दर दोन तासांनी कूस बदलली, छातीतला कफ काढला. पण मी रोज एखादं नवं गाणं आणायचे; दिवसभर छताकडे बघत पडायचं असताना भेटायच्या वेळेची वाट बघण्यासारखं तिच्याकडे काहीतरी होतं. नंतर तीच म्हणाली, "उद्या कोण गाणार, एवढाच विचार करायचे."

मधे एक वाईट आठवडा आला. छातीत इन्फेक्शन झालं, ताप चढला. ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला छोटं भोक पाडून नळी बसवावी लागेल, असं मॅडमनी सांगितलं आणि सहीसाठी तयार राहायला बजावलं. त्याच आठवड्यात इकबाल आला. विमानतळावरून बॅगेसकट थेट हॉस्पिटलात. रेहानाने त्याला बघितलं. तो तिच्या उशाशी वाकून तेच गाणं गायला लागला, आणि या वेळी पूर्ण गायला.

ताप उतरला. मॅडमनी दोन दिवस थांबायचं ठरवलं. मग वीनिंग सुरू झालं, म्हणजे मशीनची मदत थोडी थोडी कमी करून पेशंटला स्वत: श्वास घ्यायला लावायचं. पहिल्या दिवशी काही मिनिटं, मग तास. एका सकाळी नळी निघाली. गळ्याला भोक पाडायची वेळ आलीच नाही.

आम्ही तिघं पलंगाभोवती उभे. मॅडम म्हणाल्या, "काहीतरी बोला."

रेहानाचा आवाज पत्र्यावर खडा घासावा तसा आला. "विदे... तौबा. परत कधी गाऊ नकोस."

मॅडम इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या सिस्टर धावत आल्या. मी मात्र हसता हसता तिथेच खाली बसले.

"आणि ती बासरी," ती थांबून थांबून म्हणाली. "मला वाटलं, माझी मय्यतच निघाली."

पुढचे महिने फिजिओथेरपीचे. आधी बसणं, मग वॉकर, मग भिंतीचा आधार. बेंजोच्या ठेक्यावर तिने पाय उचलायचा सराव केला. अजून संध्याकाळी पाय जड होतात आणि बारीक सुईत दोरा सना ओवून देते. हिराबाईच्या मुलीचं लग्न होऊन गेलं. ब्लाउज वेळेत मिळाला नाही, त्यावरून दोघी अजून भांडतात.

परवा मॅडमनी तिला बोलावलं. उरणचा एक ट्रकवाला जीबीएसने व्हेंटिलेटरवर होता. त्याची बायको दोन दिवस बाकड्यावरून उठली नव्हती. रेहाना काठी टेकत तिच्याशेजारी जाऊन बसली. आपले हात तिला उघडझाप करून दाखवले.

"माझं पण असंच झालं होतं," ती म्हणाली. "त्यांना ऐकू येतं सगळं. काय आवडतं त्यांना?"

"गाणी," बाई म्हणाली. "पन मला गाता येत नाय."

रेहानाने माझ्याकडे बघितलं, मग तिचा हात हातात घेतला.

"नाही ना येत? मग तूच गा."

थोड्या वेळाने आयसीयूचं दार उघडलं. ती बाई आत गेली आणि आम्हाला बाहेर तिचा आवाज ऐकू आला. अगदी बारीक, सुराच्या आसपासही नसलेला. रेहाना काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिली.

"किती मार्क?" मी विचारलं.

"गप," ती म्हणाली. "ऐकू दे."