शेवटचं पाणी

प्रयोगशाळेत सगळे त्यांना काका म्हणत. तंत्रज्ञ होते ते, आणि बावीस वर्षं एकच काम करत होते. नखाएवढे सिलिकॉनचे तुकडे द्रावणात बुडवायचे, ठरल्या वेळी काढायचे, स्वच्छ पाण्यात धुवायचे, वाळवायचे. ऐकायला सोपं वाटतं. मी करून पाहिलं तेव्हा माझे तुकडे गोवर आल्यासारखे दिसत होते.

द्रावणात असत मायसेल. पाण्याशी उभा दावा असलेली रेणूंची एक साखळी आणि पाण्यावर जीव असलेली दुसरी, अशा दोघी जन्माच्या बांधल्या, की पाण्यात त्यांचे गोळे होतात. रुसलेल्या आत, हौशी बाहेर. हे गोळे सिलिकॉनला जाऊन चिकटतात. काकांच्या तुकड्यांवर ते इतक्या सारख्या अंतरावर बसलेले असत, की सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर चित्र उमटलं की आमचे प्रयोगशाळाप्रमुख सर खुर्चीतून उठायचे. गोळे पाण्यातच एकमेकांना रेटून आपापली जागा धरतात, हा सरांचा सिद्धान्त. त्या चित्रांवर नऊ शोधनिबंध झाले, सरांचं नाव झालं, माझी पीएचडी झाली. काकांना एकच हवं होतं, एकदा तरी आपलं नाव छापून यावं. सर दरवेळी म्हणत, पुढच्या निबंधात नक्की.

सरांच्या लेखी कृतीत होतं, की धुतलेल्या तुकड्यावर नायट्रोजनचा झोत मारून तो लगेच वाळवायचा. काकांना ते पटत नसे. नुकते कुठे टेकलेत बिचारे, त्यांच्यावर वारा कशाला सोडायचा, असं म्हणत ते तुकडा काचेच्या झाकणाखाली ठेवत आणि शेवटचं पाणी आपोआप आटू देत. वहीत मात्र नायट्रोजनच्या रकान्यात खूण करत, कारण छापील रकाना तेवढाच होता. मी हे रोज पाहत होते. सरांनीही पाहिलं होतं. काकांच्या हाताला गुण आहे, करू दे त्यांना, असं म्हणून ते हसले होते.

मग एक नवी संशोधक आली. तिने तुकडा पाण्याबाहेर न काढताच तपासला. गोळे वाटेल तसे विखुरलेले. पाच आठवडे तिने तेच केलं आणि दरवेळी तेच दिसलं. शेवटी तिने काकांच्या पद्धतीने एक तुकडा वाळवला. आटणारं पाणी गोळ्यांना ओढून जवळ आणत होतं. नक्षी पाण्यात होतच नव्हती, ती वाळताना होत होती.

काका पडद्याजवळ आले.

"म्हणजे ती नक्षी मी करत होतो?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

त्या माणसाचा चेहरा असा खुललेला मी कधी पाहिला नव्हता. आता तरी नाव येईल ना, असं त्यांनी मला विचारलं, आणि मी वेडीने हो म्हटलं.

सरांचा सिद्धान्त चुकीचा ठरला आणि त्या नऊ निबंधांची चौकशी लागली. समितीसमोर सरांनी कृतीचा कागद ठेवला आणि काकांची वही ठेवली. तंत्रज्ञाने परस्पर पद्धत बदलली आणि खोटी नोंद केली, आपल्याला कल्पना नव्हती, असं ते म्हणाले. सरांना हे खरंच ठाऊक नव्हतं का, असं मग समितीने मला विचारलं. तिथेच माझी नेमणूक व्हायची होती. मी मिठाची गुळणी धरून बसले. काकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मला अजून त्या नजरेची लाज वाटते.

त्यांची नोकरी गेली. नियतकालिकात दुरुस्तीची सूचना छापली गेली आणि तिच्यात दोष कुणाचा ते पूर्ण नावानिशी दिलं होतं.

महिन्याभराने ते सामान न्यायला आले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं. खिशातून त्या पानाची घडी काढली.

"तुमच्या काकूला इंग्रजी येत नाही," ते म्हणाले. "तिला सांगितलंय, नाव छापून आलं म्हणून. घरोघर सांगत सुटलीय. कधी भेटली आणि तिने विचारलं, तर तेवढं गप्प राहा, ताई."

तेवढं मला जमण्यासारखं होतं.