अक्कांनी बंद केलेलं रान

आमच्या एडनाअक्कांना नाही म्हणायला फार शब्द लागत नाहीत. माझ्या बायकोची ही थोरली बहीण. वय बासष्ट, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि वडिलांच्या मागे आमच्या घराण्याच्या शिकारीच्या रानाच्या कारभारी; आम्ही कॅनडाच्या जंगलातले क्री आदिवासी. तिथे कोणी काय मारायचं, किती मारायचं, बंदूक कधी खाली ठेवायची, हे त्या ठरवतात. दोन मुलगे असताना म्हाताऱ्याने रान मुलीच्या हाती दिलं, याचा पोटशूळ माझ्या मेहुण्यांना अजून उठतो.

उत्तरेला आणि पूर्वेला लाकूडवाल्यांनी जंगल साफ केलं, तसे तिकडचे मूस, घोड्याएवढी ती थोराड हरणं, आमच्या हद्दीत शिरले. मार्चमध्ये सरकारी माणसं नकाशे घेऊन आली. हेलिकॉप्टरमधून मोजणी झाली होती, तुमच्याकडे मूस भरपूर आहेत, तेव्हा बाहेरच्या शिकाऱ्यांनाही परवाने द्यायला हरकत नसावी, असं त्यांचं म्हणणं. अक्कांनी त्यांना चहा पाजला, तव्यावरची रोटी खाऊ घातली, आणि मग विचारलं, "शेजारच्या दोन घरांना आग लागली आणि ती सगळी माणसं माझ्या घरात येऊन बसली, तर माझी भरभराट झाली म्हणायची का?"

साहेब वहीत काहीतरी खरडू लागला. अक्का म्हणाल्या, "लिहा. मूसची शिकार तीन वर्षं बंद. परक्यांना नंतर, आधी माझ्या घरच्यांना."

घरचे म्हणजे आम्हीच. सबंध उन्हाळाभर मी कुरकुरत होतो. तोंडी लावायला मासे, जेवायला मासे, आणि बायको म्हणायची, बोलायचंय तर जाऊन माझ्या बहिणीशी बोला.

शरदात अक्कांची नात फ्लोरा चालायला लागली. आमच्यात लेकराचं पाऊल तंबूबाहेरच्या मातीला पहिल्यांदा लागतं ते समारंभानेच. पहाटे तंबूतून झाडापर्यंत जायचं, परत यायचं, मग गावजेवण. त्या पंगतीत मूस नसेल तर यजमानाची शोभा होते. दुकानापाशी थोरल्या मेहुण्यांनी, मॅथ्यूंनी, चारचौघांत मला विचारलं, पाहुण्यांना यंदा चहा आणि उपदेश का? मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी मी एकटाच होडी घेऊन गेलो आणि तळ्याच्या टोकाला एक तरणा नर पाडला. अक्कांना विचारलं नव्हतं. घरच्या अब्रूसाठी केलं असं मी सांगत फिरलो, पण खरं म्हणजे जिभेनेही ओढ लावली होती.

माझा हिशेब सरळ होता. दाराशी आलेलं मांस आम्ही परतवत नाही. तो जनावराचा अपमान होतो, आणि ते पुन्हा आपल्याकडे येत नाही. अक्कांनी मांस घेतलं की परवानगी दिल्यासारखंच, रान आपोआप उघडलं.

दारात आणून टाकलेल्या त्या नराच्या कपाळावर हात ठेवून अक्का खूप वेळ बसल्या. जवळपास मादी होती का, एवढंच विचारलं. मग सुरी मागवली. गावातल्या प्रत्येक घराचा वाटा काढला आणि स्वतः दारोदार गेल्या. मागून ओझं वाहत मी. प्रत्येक दारात तेच: "सायमनने न विचारता मारलाय. खा, वाया घालवू नका. मूसची शिकार आता चार वर्षं बंद." माझ्या बायकोच्या मैत्रिणीच्या दारातही तेच. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

समारंभाच्या पहाटे फ्लोरा काटक्यांची इवलीशी मोळी ओढत झाडापर्यंत गेली, पडली, उठली, परत आली. म्हाताऱ्यांनी तिचे मुके घेतले. पंगतीला ससे, मासे आणि ब्लूबेरी. मूसचा एक तुकडा नाही. मॅथ्यू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की नातीच्या मानाच्या दिवशी हे जेवण, बाप असता तर उठून गेला असता.

अक्का उठल्या. आत गेल्या, आणि मूसचं उकडलेलं नाक आणून माझ्या ताटात ठेवलं. आमच्यात तो कारभाऱ्याचा वाटा.

"अक्का, हे तुमचं आहे."

"रान कधी उघडायचं ते तू ठरवलंस. मग तुझंच."

"मला नको."

"नको कसं? आपल्यात मांस परतवत नाहीत."

सगळं गाव बघत होतं. मी खाल्लं. शेवटचा घास उतरेपर्यंत अक्का समोर उभ्या होत्या. मग भावाकडे वळून म्हणाल्या, "मॅथ्यू, मला विचारायला तुला कमीपणा वाटतो ना? याला विचार. रान उघडं आहे का?"

मॅथ्यूंनी माझ्याकडे पाहिलं. मी ताट खाली ठेवलं.

"बंद," मी म्हणालो.