एकीलाच मास्क

बेळगावच्या प्रयोगशाळेतल्या त्या साहेबाने आमच्या गल्लीतल्या तंबाखू निवडणाऱ्या बायकांना फसवलं. कॅन्सरचं औषध थेट गाठीपर्यंत पोचवायचं संशोधन करतो म्हणे. दर महिन्याला निपाणीत यायचा, प्रत्येकीला आक्का म्हणायचा. शिवाय तंबाखूची धूळ अंगात किती मुरते ते पाहायला त्यांची कापलेली नखं न्यायचा, तीही प्रसादासारखी दोन्ही हातांनी घेऊन. मी आधीच ठरवून घेतलं होतं, निकाल पहिल्यांदा आम्हाला.

“व्हय अण्णा, तुम्हालाच,” तो म्हणाला होता.

शेवटच्या खेपेला त्याने माझ्या बहिणीच्या हातात गुपचूप मास्क ठेवला. “आक्का, ह्याच्याशिवाय कामाला बसू नका.”

“का वो?” तिनं विचारलं, तर खाली मान घालून चपला शोधायला लागला.

ती त्याला जेवू घालायची, म्हणून तिला मास्क. बाकीच्यांनी नखं दिली नव्हती? त्यांत काय सापडलं, ते त्याने गल्लीत उभं राहून सगळ्याजणींना सांगावं.