सव्वीसचा कागद, शून्याचा कागद

त्या घरात कागद आला की तो त्यानेच भरायचा, असा लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तह झाला होता. गॅसजोडणी असो, वीजबिलाची तक्रार असो की सासऱ्यांच्या पेन्शनचं काही असो, सगळं त्याच्याच पेनातून जायचं. बायको त्याला 'अर्जदार' म्हणायची. म्हणून बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावर दवाखान्यातून दहा प्रश्नांचा कागद आला, तेव्हा त्याने तो सवयीने पुढ्यात ओढला. वर बायकोचं नाव लिहिलं आणि खाली उत्तरं दिली, अगदी प्रामाणिकपणे, स्वतःची. उगाच छातीत धडधडतं का? काही वाईट घडेल असं वाटतं का? प्रत्येक प्रश्नापुढे 'कधीच नाही' पासून 'सतत' पर्यंत चार चौकटी, शून्य ते तीन गुणांच्या. 'आईने स्वतः भरावा' ही ओळ तळाला बारीक अक्षरात होती आणि बारीक अक्षर वाचायचं नाही हा त्याचा जुना बाणा. तीसपैकी सव्वीस भरले. शाळेत गणितात त्याला एवढे कधी पडले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात सिस्टर. चार जिने चढून आलेल्या, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हातात वजनकाट्याची पिशवी. आसपासच्या सगळ्या बाळंतिणी त्यांच्याकडे होत्या. फाईलला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली, कारण नवे बाप सही करतात आणि त्याच तंद्रीत पेन्सिल खिशात घालून निघून जातात, असा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव.

"सव्वीस म्हणजे डॉक्टरांनी मला धावतच पाठवलं," खुर्चीत बसत त्या म्हणाल्या. "काय होतंय, पोरी?"

"मला? मी कुठे कागद भरलाय?" बायकोने कागद हातात घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं. "अर्जदार, हे अक्षर कुणाचं?"

अर्जदाराने बाळाच्या पायमोज्यात काहीतरी शोधायला सुरुवात केली.

सिस्टरनी नवा कागद काढला. बायकोने तो दोन मिनिटांत भरून दिला. सगळीकडे 'कधीच नाही'. शून्य.

"एका घरात दोन हवामानं," सिस्टर म्हणाल्या. त्याला हायसं वाटलं. शून्य म्हणजे उत्तम, नाही का? पण सिस्टरचा चेहरा सव्वीसला होता त्याहून लांबला. हे काही त्याच्या डोक्यात शिरेना. पास झालेल्याला कुणी रागावतं का?

"बाळ माझ्याकडे दे आणि आतल्या खोलीत दहा मिनिटं पड बघू."

बायको गेली, आणि आली. लंगोट राहिला होता. पुन्हा गेली, पुन्हा आली, खिडकी लावायला. खिडकी लावलेलीच होती. त्यानंतर तर कारण न सांगताच दारात येऊन उभी राहायला लागली. दर खेपेला सिस्टर कागदाच्या कडेला पेन्सिलने एक रेघ ओढत. त्याला वाटलं, बाळाचं वजन लिहून घेतायत. पण बाळ अजून काट्यावर चढलंच नव्हतं.

सात रेघा झाल्यावर त्यांनी पेन्सिल ठेवली.

"बाळ झोपलं की तू काय करतेस?"

"बसते."

"नुसती?"

"श्वास मोजते. मिनिटाला चाळीस होतात. कधी अडतीस भरले, की मग ते दोन कुठे गेले म्हणून पुन्हा मोजते."

अर्जदार खाली बसला. ती दिवसभर पाळण्यापाशी आकडे पुटपुटायची, ते त्यानेही ऐकलं होतं. त्याला वाटलं होतं, बाळाला पाढे म्हणून दाखवतेय. जरा लवकर आहे, पण असू दे.

"मग इथे 'कधीच नाही' का लिहिलंस?"

"खरं लिहिलं तर म्हणतील हिला जमत नाही. बाळ घेऊन जातील."

"मला ही पिशवी नेताना धाप लागते. तुझं बाळ कुठे नेऊ?" सिस्टरनी सावकाश बाळ तिच्या मांडीवर दिलं. "हे पुष्कळ जणींना होतं. वेड नाही, बरं होतं. बुधवारी डॉक्टरांकडे यायचं, सव्वीसवाल्यानेही. आणि रोज दुपारी दोन तास पाळण्याशी हे बसतील. तू आत. दार लावून."

"यांना मोजता येईल?"

"मोजायचं नाहीये. नुसतं बसायचं."

बायको रडली, मग त्याच रडण्यात थोडी हसली. त्याला नक्की कशात सामील व्हावं ते कळेना, म्हणून त्याने पाणी आणलं आणि चुकून स्वतःच पिऊन टाकलं.

सिस्टर निघाल्या तेव्हा त्याने फाईलवर सही केली आणि पिशवी घेऊन जिन्यापर्यंत गेला. डोक्यातला गुंता काही सुटत नव्हता. त्याने खोटा कागद भरला म्हणून त्या आल्या; खऱ्या माणसाने भरलेला कागद आधी गेला असता तर आल्याच नसत्या. त्याने शेवटी विचारलंच.

"सिस्टर, मग माझा कागद चूक की बरोबर?"

सिस्टरनी त्याच्या खिशातली आपली पेन्सिल दोऱ्यासकट काढून घेतली आणि कठड्याला धरून पहिली पायरी उतरल्या.

"आधी बायकोला 'कशी आहेस' एवढं विचारलं असतंत, तर माझे चार जिने वाचले असते."