बदामाच्या झाडातला कॅमेरा

मी कामोठ्यात कॅमेरे बसवायचं काम करतो. त्यामुळे कुणी भुताखेताची गोष्ट सांगायला लागलं की माझा एकच प्रश्न असतो – फुटेज आहे का? समोरचा विषय बदलतो आणि मी चहा प्यायला मोकळा. पण एकदा फुटेज होतं... आणि ते माझ्याच कॅमेऱ्याचं होतं.

२०१४ च्या आसपासची गोष्ट. गव्हाण गावात एक कोळी मावशी एकट्या राहायच्या. नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगा पनवेलला फ्लॅटमध्ये. मावशींचं म्हणणं असं, की दुपारी त्या जरा आडव्या झाल्या की कुणीतरी अंगण झाडून जातं. मुलाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आईच्या डोक्यावर परिणाम झालाय. कॅमेऱ्यात कोणी दिसलं नाही, की घर बंद करून तिला घेऊन जातो." मावशींना घर सोडायचं नव्हतं. मला वाईट वाटलं, पण काम ते काम.

अंगणात बदामाचं झाड होतं. मी वर चढलो, मावशी शिडी धरून उभ्या राहिल्या. "पानांत नीट लपव रं. त्याला दिसला त येनार नाय."

"चोराच्या बापालाही दिसणार नाही, मावशी."

त्या नुसत्या हसल्या.

कॅमेरा मी मोशनवर लावला. म्हणजे समोर काही हललं तरच रेकॉर्डिंग, नाहीतर बंद. कावळा आला तरी क्लिप बनते, हे स्वतः तपासलं.

चार दिवसांनी मी आणि मुलगा ओटीवर लॅपटॉप घेऊन बसलो. दुपारी दोन-दहाची क्लिप – कावळा उडाला, अंगणभर बदामाची लाल पानं. त्यापुढची क्लिप थेट तीनची, मावशी दार उघडून बाहेर येतात. अंगण लख्ख. पानांचा ढीग कुंपणाशी, मातीत खराट्याचे ताजे फराटे. आणि मधे काहीच नाही! क्लिपचे नंबर सलग, त्यामुळे कुणी काही डिलीट केलंय म्हणावं तर तेही नाही. कॅमेऱ्याच्या मते त्या पन्नास मिनिटांत अंगणात पानसुद्धा हललं नव्हतं.

चारही दिवस हेच.

मुलगा स्क्रीनजवळ सरकला. दाराशेजारच्या एका तुकड्यावर फराटे दोनदा होते, आडवे आणि उभे. "बाबा तिथे दोनदा झाडायचा," तो हळूच म्हणाला. "आई सुकट वाळत घालायची ना तिथे... खडा येऊ नये म्हणून."

मावशी मागे येऊन उभ्या होत्या. "दिसला?"

"नाही मावशी. कोणीच नाही."

त्यांचा चेहरा पडला. "फोटू काढायचा त्याला जल्माचा कंटाला. घरात एक नाय त्याचा. म्हनून त लपव बोलले तुला."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी मूळचा साताऱ्याकडचा, आमच्यात नवऱ्याला 'ते' म्हणतात. इथे बाई सरळ 'तो' म्हणते. मी चार दिवस चोर शोधत होतो आणि मावशी नवऱ्याचा फोटो काढायला बसल्या होत्या. मला खरंच भरून आलं.

घर बंद करायचा विषय मुलाने परत काढला नाही. मावशींनी कॅमेरा त्याच दिवशी उतरवायला लावला – "बास झाला आता, त्याला कलंल." मुलाने तीनच्या क्लिपमधला एक फोटो मोठा करून मागितला. नुसतं झाडलेलं अंगण.

वारा, कार्ड, सेटिंग... सगळं धरून पाहिलं. तोच कॅमेरा पुढे दोन वर्षं दुसरीकडे बिनतक्रार चालला.

नंतर एकदा गव्हाणला गेलो, तर तो फोटो फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलेला. हार नव्हता घातलेला. मावशींनी पदराने काच पुसली.

"बरा आलाय ना?"

"हो मावशी," मी म्हटलं, "छान आलेत."